घाबरं व्हायलंय

"वाजतंय का हो अक्का?"

"गप बस. तू बोलत राहिलीस तर मला काय ऐकू येणार, कप्पाळ?"

रत्नाची वेणी एका हातानं बाजूला धरून मी तिच्या पाठीला कान लावला होता. सकाळचे साडेआठ वाजले होते, गॅसवर चहा उतू जायच्या बेतात होता, आणि आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात फरशीवर बसून हे उद्योग करत होतो. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या बायांना कामधंदे नाहीत.

"बोटांना मुंग्या आल्यात," ती म्हणाली. "ओठांनापण. नुसतं धडधडायलंय. तेजूला गाडीत जागा मिळाली असंल का हो? उतरल्यावर केंद्र सापडंल का तिला? मी पन्नासदा सांगितलंय, पर्स पोटाशी धर, कुणाशी बोलू नको. ती कुठली ऐकतीया. वाटेत कुणी भेटलं की लागली बोलायला."

"कुणावर गेली असेल गं?"

तेजू म्हणजे तिची लेक, तेजस्विनी. सतरा वर्षांची. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला सातच्या एसटीनं कोल्हापूरला गेली होती, आणि जन्मात पहिल्यांदा एकटी. माझा दीर विलास ट्रकवर होता, हुबळीच्या रस्त्याला कुठंतरी. मला मसाल्याचा डंक सोडून हलता येत नव्हतं. आणि रत्नाला बरोबर धाडावं, तर लेकीची परीक्षा राहिली बाजूला, आईचीच झाली असती.

मी कान काढला. "छाती मोकळी आहे. शिट्टी नाही, खोकला नाही. मुंग्या आहेत आणि बडबड आहे. म्हणजे दमा नव्हे. भीती. चल, मोज."

"तुम्ही मोजा, मी घेते."

मग मी मोजायला लागले. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. दुसऱ्याच फेरीला ती मधे बोलली, "पेनं दोन दिलीत नव्हं मी?"

"दोन पेनं दिलीस, पेन्सिल दिलीस, खोडरबर दिलास, तीन चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी दिलीस. आता श्वास सोड, बाई."

ती हसली. हसली की संपलं, एवढं मला चार वर्षांत कळलं होतं. चहा उतू गेलाच. तो पुसता पुसता ती म्हणाली, "डॉक्टर व्हायचं सोडून तुम्ही मिरच्या काय कुटत बसलासा?"

"आमच्या बाबांनी चौथीत शाळा सोडवली म्हणून. नाहीतर कित्तूर डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप लागलं असतं."

ती परत हसली. मी गमतीत म्हणाले खरी, पण त्यातलं निम्मं मी मनापासून मानत होते.

आता थोडं आधीचं सांगते, म्हणजे तुम्हाला पुढचं कळेल.

गडहिंग्लजला आमचा डंक होता. डंक म्हणजे मसाला कुटायची गिरणी. चार लोखंडी मुसळं धाडधाड खालीवर होतात. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावातल्या बायका भाजलेल्या मिरच्या, धणे, तीळ, खोबरं डब्यांत भरून आणतात आणि वर्षाची चटणी करून नेतात. पुढं डंक, मागं घर, मधे एक लोखंडी दार. आमचे हे गेल्यापासून डंक मीच चालवत होते. अशा घरात रत्ना सून म्हणून आली, आणि तिला लहानपणापासून दमा. तिच्या आईनं लग्न ठरवताना काही लपवलं नव्हतं. आमचे सासरेच म्हणाले होते, गावची हवा बदलली की जाईल दमा. सासरे डोळस माणूस, पण सून देखणी होती.

तिचा दमा काही गेला नाही. डंक सुरू असला की ती मागच्या खोलीत दार लावून बसायची. आणि मी काय केलं? पहिली पंधरा वर्षं मी तिला टोमणे मारले. भांडी पडली की बरा दम लागतो, पाहुणे आले की बरा दम लागतो, माहेरी गेली की कसा लागत नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळं गाव सांगेल. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. चारचौघींत मला अक्का म्हणायची आणि एकटीत पण अक्काच म्हणायची.

मग एका दिवाळीत फटाक्यांच्या धुरानं ती खरीच अडकली. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. सगळा वेळ तिनं माझा हात धरून ठेवला होता. विलास शेजारी उभा होता, पण हात माझा. नर्स दोनदा म्हणाली, सोडा, सुई लावायची आहे, तरी सोडेना. शेवटी नर्सनं दुसऱ्या हाताला सुई लावली. ज्या बाईला मी पंधरा वर्षं घालूनपाडून बोलले, ती जिवावर बेतल्यावर माझा हात धरते, हे मला सोसवेना. त्या दिवसापासून मी तिची झाले. पाठची बहीणसुद्धा मला एवढी जवळची नव्हती.

ती वाचली, पण त्या दिवाळीनं तिच्या मनात भीती बसली. जरा काही झालं की छाती धरून बसायची आणि दम्याचा पंप ओढायची. दिवसातनं दहा-दहादा. पंपानं हात थरथरायचे, काळीज धडधडायचं, त्यानं ती आणखी भ्यायची आणि परत पंप. मी तिला कित्तूर डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं, तिच्याशी बरंच बोलले, आणि मग मला जवळ बोलावून म्हणाले, "ताई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडावळा एकसारखा आहे, म्हणून गल्लत होते. धूर, धूळ, ठसका लागून खोकला सुरू झाला आणि छातीत शिट्टी वाजायला लागली, तर तो दमा. त्याला पंप. मनात काहीतरी घोळत असताना धडधड, बोटांना मुंग्या, छाती मात्र मोकळी, तर तो घाबरण्याचा झटका. त्याला जवळचं माणूस पाहिजे. पाठीवर हात ठेवायचा, सावकाश श्वास मोजायला लावायचा."

त्यांनी मला तिच्या पाठीला कान लावायला शिकवलं. मी तिथंच लावला. आत काही वाजत नव्हतं, नुसतं काळीज धावत होतं. डॉक्टर म्हणाले, "झालं, तुम्हाला जमलं." मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आयुष्यात मला कुणी शिकल्यासवरल्या माणसानं शाबासकी दिली नव्हती. आम्ही दारापाशी आलो तेव्हा डॉक्टर मागून आणखी काहीतरी सांगत होते. मी चपला शोधत होते. रत्ना वळून "हो" म्हणाली आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी येईपर्यंत मी त्या सगळ्याचं एक वाक्य करून टाकलं होतं. शिट्टी वाजली तर पंप, नाही वाजली तर आकडे. आणि पंप तिच्याजवळ ठेवायचा नाही. माझ्या कमरेला एक कापडी पिशवी असायची, त्यात डंकाच्या किल्ल्या. पंप त्याच पिशवीत गेला. रत्ना तेव्हा एकदा म्हणाली, "अक्का, एक माझ्याजवळ राहू दे की." मी म्हणाले, "तुझ्या हातात दिला की परत दहादा ओढशील. मी कुठं परगावी आहे? हाक मार, आले." ती बरं म्हणाली. चार वर्षं तसंच चाललं आणि मी एकदाही चुकले नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, शालनला कान आहे.

तेजू परीक्षेला गेली त्या दिवशी पारू आली नाही. पारू डंकावर दाराशी बसून डब्यांवर खडूनं नावं लिहायची, नाहीतर एकीची चटणी दुसरीच्या घरी जाते आणि मग वर्षभर भांडणं. चैत्र संपत आला होता, बाहेर पंधरा-वीस बायका. मी मागं घरात जाऊन रत्नाला म्हणाले, "चल, तासभर दाराशी बस. नावं लिही."

"आज मिरची संकेश्वरी आहे नव्हं? लई ठसका असंल."

"दाराशी वारा आहे. तोंडाला पदर बांध. हितं एकटी बसून तेजूच्या नावानं धडधडत बसशील, त्यापेक्षा चार बायकांत बस. आणि मी आहे की. तुझा डॉक्टर हितंच आहे."

ती उठली. जाताना आरशात बघून तिनं केसावरनं हात फिरवला. तेवढा तिला नाद होता.

तासभर बरं गेलं. नावं लिहिता लिहिता ती बायकांशी बोलत होती, तेजूचं कौतुक सांगत होती. शिंत्रेवहिनी आमच्या शेजारच्या. त्यांचा डबा कुटून झाला आणि चाळायला घेतला, तेव्हा वारा फिरला आणि सगळी भुकटी दाराकडं गेली. रांगच्या रांग खोकायला लागली. डंकावर ते रोजचंच असतं, बायका खोकतात, शिंकतात, डोळे पुसतात आणि एकमेकींना हसतात. रत्ना पण खोकत होती. सगळ्या थांबल्या आणि ती एकटीच खोकत राहिली, तेव्हा माझं लक्ष गेलं.

मी तिला धरून मागच्या खोलीत नेलं, दार लावलं, पाठीला कान लावला. शिट्टी होती. चांगली मोठी, कान लावला नसता तरी ऐकू आली असती.

"दमा आहे," मी म्हणाले आणि पिशवीतनं पंप काढला. दोनदा दिला. तिनं ओढला. मी पाणी दिलं, खिडकी उघडली. "पड जरा. मी एवढा डबा उतरवून येते. मुसळं चालू आहेत."

"या," ती म्हणाली.

पंप मी परत पिशवीत टाकला. सवय. भिंतीवरचं घड्याळ पावणेअकरा दाखवत होतं.

मला यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. कुणाचे तीळ कच्चे राहिले होते, कुणाचा डबा बदलला होता. परत आले तर रत्ना पडली नव्हती. पलंगाच्या कडेला पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती. खांदे वरखाली होत होते. मला बघून तिनं मान वर केली.

"अक्का," ती म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "घाबरं व्हायलंय."

मी शेजारी बसले आणि पाठीला कान लावला. शिट्टी नव्हती. दुसऱ्या बाजूला लावला. तिथंही नाही. आत काहीच वाजत नव्हतं. मला हायसं वाटलं. आजही तो क्षण मला तस्साच आठवतो. मी मनातल्या मनात आमच्या ग्रामदेवतेला हात जोडले.

"बघ," मी म्हणाले. "शिट्टी गेली. पंप लागू पडला. आता ही तुझी नेहमीची भीती. घाबरायचं नाही. मी आले ना?"

तिनं मान हलवली. मी समजले, हो म्हणतेय.

"तेजू आता पेपरला बसली असेल. पेपर सुटेल, चारला गाडीतनं उतरेल. तिला काय धाड भरलीय? चल, मोज माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार. सोड."

ती मोजेना. सकाळी मधे मधे बोलून मला वैताग आणला होता, आणि आता एक शब्द नाही. मला वाटलं, चला, आज नीट लक्ष देतेय. मी तिची पाठ चोळत होते. तिचं पोलकं घामानं भिजलं होतं. तिनं उजवा हात उचलला आणि माझ्या कमरेकडं नेला. पिशवीला हात लावला.

मी तो हात धरून खाली ठेवला. "आता नको. परत ओढलास की हात थरथरतील आणि जास्त घाबरशील. डॉक्टरांनी सांगितलंय ना? एक, दोन, तीन, चार."

तिनं परत हात उचलला. मी परत खाली ठेवला, आणि या वेळी माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मायेनं धरला हो. दिवाळीत तिनं माझा धरला होता तसाच.

अशी मी मोजत राहिले. किती फेऱ्या झाल्या, माहीत नाही. बाहेरनं कुणीतरी हाक मारली, "शालनताई, तिखट पुरे का बघा की." मी ओरडून सांगितलं, थांबा जरा. मग रत्नाचे खांदे सावकाश झाले. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी म्हणाले, "शाब्बास. झालं बघ. एवढंच असतं." आणि तशीच तिच्या केसावरनं हात फिरवत बसले. झोप लागली असेल तर लागू दे, म्हणून हललेसुद्धा नाही.

शिंत्रेवहिनी दार ढकलून आत आल्या. त्यांना डबा न्यायचा होता. त्या रत्नाच्या तोंडाकडं बघून जागच्या जागी थांबल्या. "शालनताई," त्या म्हणाल्या, "हिचे ओठ बघा."

मी बघितले. जांभळे झाले होते.

तेव्हा मी पंप काढला. तिच्या तोंडात धरून दाबला, परत दाबला, परत परत दाबत राहिले. ओढायला तिच्यात श्वासच नव्हता. औषध तिच्या ओठांवरनं बाहेर माझ्या हातावर येत होतं, गार. रिक्षा कुणी आणली, मला आठवत नाही. मुसळं कुणी बंद केली, तेही नाही.

कित्तूर डॉक्टरांनी अर्धा-पाऊण तास सगळं केलं. मी त्या खोलीतनं हलले नाही. मग ते बाजूला झाले, हात धुतले, आणि नर्सला बाहेर पाठवून माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"ताई, केव्हा सुरू झालं?"

मी सगळं सांगितलं. अगदी नीट, एकामागं एक. ठसका, खोकला, शिट्टी, दोनदा पंप. मला वाटत होतं, नीट सांगितलं तर अजून काहीतरी होईल.

"आणि शिट्टी केव्हा बंद झाली?"

"सव्वाअकराला मी ऐकलं तर नव्हती. छाती एकदम मोकळी. म्हणून तर पंप दिला नाही. भीती समजून आकडे मोजत होते. तुम्ही शिकवल्यासारखं."

डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, "ताई, शिट्टी वाजायला वारा आतबाहेर व्हावा लागतो. नळ्या पुरत्या आवळल्या की वाराच जात नाही. मग वाजणार काय? ती बरं झाल्याची खूण नसते."



"दम्यात माणसाला बोलवत नाही. एकेक शब्द तोडून बोलतात. पुढं वाकून बसतात." ते एवढं बोलले आणि थांबले. "मी त्या वेळी दाराशी म्हणालो होतो... शंका आली तर आधी पंप द्या, आराम पडेना तर परत द्या, आणि तडक इकडं या. भीतीच्या माणसाला पंपानं फार तर हात थरथरतील, दुसरं काही होत नाही. मी रत्नाताईंना म्हणालो होतो. त्या हो म्हणाल्या होत्या."

मला माझ्या चपला आठवल्या. एक बाकाखाली सरकली होती. रत्नानं ऐकलं होतं. म्हणूनच ती पिशवीकडं हात नेत होती. एकदा नाही, दोनदा.

बाहेर बायका जमल्या होत्या. डॉक्टर माझ्याआधी दारात गेले आणि म्हणाले, "झटका फार वेगानं आला. कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं." देवमाणूस. तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी त्याच्यामागं पदर तोंडाला लावून उभी राहिले. तिथं मी बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले.

चारला मी स्टँडवर गेले. सगळे म्हणाले, दुसरं कुणीतरी जाईल. मी म्हणाले, मीच जाणार. गाडी आली. तेजू उतरली ती पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मला बघून तिचं तोंड फुललं.

"काकू, तुम्ही? डंक सोडून? आई न्हाई आली?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाली, "पेपर सोपा होता. दोन्ही पेनं लागलीच न्हाईत, एकातच भागलं. आईला सांगायचंय."

तिला कसं सांगितलं, ते मी कुणाला सांगणार नाही.

विलास रात्रीत पोचला. माझ्या पायाशी बसून तो लहान पोरासारखा रडला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही होता म्हणून ती चार वर्षं जगली." त्यानंतर आजपर्यंत, चौदा वर्षांत, मला कुणीही दोष दिलेला नाही. एखाद्यानं तरी द्यायला हवा होता. तेजू आता पुण्याला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. एकदा तिनं विचारलं, "काकू, त्या दिवशी नक्की काय काय झालं होतं?" ती नर्सच, दोन वाक्यांत तिला सगळं कळलं असतं. मी म्हणाले, "ठसका बसला गं. फार वेगानं झालं." डॉक्टरांचं वाक्य मी चोरलं. डंक मी त्याच वर्षी मोडीत काढला. पिशवी अजून कमरेला असते. आत किल्ल्या नाहीत.

पण जे सांगायला बसले, ते अजून राहिलंच आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून पुरुषमाणसं परत आली. रत्नाची आई माझ्याजवळ येऊन बसली. कर्नाटकाच्या सीमेपलीकडच्या खेड्यातली म्हातारी, हाडं आणि लुगडं, बाकी काही नाही. दोन दिवस रडून रडून तिचा आवाज गेला होता.

"शालनताई," ती म्हणाली, "शेवटाला तुमीच हुतासा जवळ."

"हो."

"काय म्हणली का वो माझी पोरगी?"

मला खोटं सुचलं नाही. खरं म्हणजे त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही. "काही नाही हो, मावशी. घाबरं व्हायलंय, एवढं म्हणाली."

म्हातारीनं डोळे मिटले. बराच वेळ मान हलवत राहिली.

"तसंच म्हणायची," ती म्हणाली. "ल्हान असल्यापास्नं. नुस्ता दम लागला तर सांगायची न्हाई बगा, खोकत खोकत पोरींच्यात खेळायची. मी म्हणायची, पोरी, जरा बस. न्हाई. पण 'आई, घाबरं व्हायलंय' म्हणली की मी तव्यावरची भाकरी तव्यावर टाकायची, हिला पाठीवर घ्यायची आन दवाखान्याकडं पळायची. आमच्याकडं घाबरं म्हंजे भ्या न्हवं वो. घाबरं म्हंजे जीव घाबरा. म्हंजे श्वासच बंद व्हायला लागलाय. ह्यो शबुद ती उगंच काढायची न्हाई. साऱ्या जन्मात चार-पाचदा काढला असंल."

अंगणात पुरुषांचं काहीतरी चाललं होतं. मी चार वर्षं आठवत होते. चार वर्षांतले भीतीचे सगळे झटके, परवा सकाळचा चहाच्या वेळचासुद्धा. दर वेळी ती म्हणायची, धडधडायलंय. मुंग्या आल्यात. एकदासुद्धा घाबरं म्हणाली नव्हती. घाबरणं हा डॉक्टरांचा शब्द होता आणि तिथनं तो मी उचलला होता. तिनं तिचा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा काढला, आणि मी तिला सांगितलं, घाबरायचं नाही.

म्हातारीनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता. लेकीचं शेवटचं सगळं तिला ऐकून घ्यायचं होतं, एवढंच.

"मग तुमी लगीच पंप दिला आसंल," ती म्हणाली.

मी म्हणाले, "हो."

"दिला आसंलच. मला ठावं हाय." तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले. "तुमी हुतासा, म्हणून माझी पोरगी परक्यात मेली न्हाई."

मी हात तसेच राहू दिले.